शोधनिबंधातलं वर्गात कसं आणायचं: सातवीच्या एका धड्यावरून, पायरीपायरीने

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून आणि काही हाताने करून. तेव्हा ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा. मला ते मनापासून पटलं. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी तीन प्रकारचं साहित्य तयार केलं, मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, वर्गाचे तीन गट पाडले आणि दुसरं सत्र जवळजवळ त्यातच घातलं. मुलं खूश होती. वर्षाअखेरच्या संकलित मूल्यमापनात, म्हणजे लेखी परीक्षेत, मात्र काही फरक दिसला नाही. बऱ्याच उशिरा माझ्या वाचनात २००८ सालचा एक आढावा आला. हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्यात एक साधा प्रश्न धरला होता. बघून शिकणाऱ्याला चित्राने आणि ऐकून शिकणाऱ्याला बोलून शिकवलं तर दोघांनाही फायदा होतो, आणि अदलाबदल केली तर दोघांचंही नुकसान होतं, हे नीट प्रयोग करून कुणी दाखवलं आहे का? तसा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही.

ते सत्र वाया गेल्याची हळहळ मला आजही आहे. कारण चूक माझीही होती. "संशोधन सांगतं" एवढं ऐकल्यावर हे कुणावर करून पाहिलं, कशाशी ताडून पाहिलं, असं मी विचारलंच नाही. मुलांचा वेळ आपल्या हातात असतो, त्यामुळे हे विचारणं आपलंच काम आहे. आणि ते कुठल्याही शाळेतल्या शिक्षकाला जमण्यासारखं आहे. सांख्यिकी यावी लागत नाही, फार इंग्रजीही लागत नाही. एक अडचण, एक धडा, एक वही आणि साधारण दोन महिने पुरतात. मी ज्या क्रमाने करते तो क्रम इथे देते आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: सातवी सामान्य विज्ञानातला 'वनस्पती: रचना व कार्ये' हा धडा.

आधी अडचण एका वाक्यात लिहा

"मुलांना विज्ञान कच्चं आहे" या वाक्यावर कुठलंही संशोधन उत्तर देऊ शकत नाही. टाचणवहीत (पाठाचं नियोजन लिहितो त्या वहीत) असं वाक्य लिहा ज्यात कोण, कोणता भाग, कधी आणि नेमकं काय दिसतं हे चारही असेल. माझं वाक्य असं होतं: "सातवीतली मुलं या धड्यातले मुद्दे शिकवल्याच्या दिवशी बरोबर सांगतात, महिन्याने विचारलं तर सांगू शकत नाहीत."

हे वाक्य लिहिण्याआधी ते खरं आहे का हे पाहून घ्या. ज्या दिवशी शिकवलं त्याच दिवशी तास संपताना तीन प्रश्न कागदावर सोडवून घ्या. तोंडी विचारू नका, कारण तोंडी विचारल्यावर नेहमीची पाच-सहा मुलं उत्तर देतात आणि सगळ्या वर्गाला आलं असं वाटतं. त्याच दिवशी येत नसेल तर अडचण समजण्याची आहे, आणि त्या दिवशी येऊन महिन्याने जात असेल तर टिकण्याची. या दोन्हींचे उपाय निराळे, आणि त्यांवरचं संशोधनही निराळं. इथे गफलत झाली तर पुढचं सगळं भलत्याच वाटेने जातं.

संशोधकांचा शब्द शोधा

आपण "उजळणी" म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पुस्तक उघडून पुन्हा वाचणं, आणि पुस्तक मिटून आठवणं. संशोधक त्या वेगळ्या धरतात. आठवण्याला 'रिट्रीव्हल प्रॅक्टिस' म्हणतात, त्याने होणाऱ्या फायद्याला 'टेस्टिंग इफेक्ट' आणि मध्ये दिवस सोडून केलेल्या उजळणीला 'स्पेसिंग'. योग्य शब्द मिळाला की निम्मं काम झालंच म्हणून समजा. त्याच्याविना गूगल स्कॉलरवर हजारो निकाल येतात आणि त्यातले कामाचे दोनही सापडत नाहीत.

इंग्रजी शोधासाठी गूगल स्कॉलर आणि अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा 'एरिक' हा संग्रह, दोन्ही फुकट आहेत. भारतीय प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे, त्यात मराठीतलेही प्रबंध मिळतात. विज्ञान आणि गणित शिकण्याबद्दल मुंबईच्या मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अनेक वर्षं काम करतं आहे. मराठीत वाचायचं तर 'शैक्षणिक संदर्भ' आणि 'पालकनीती'चे अंक चाळा. एखादा निबंध पैसे मागत असेल तर गूगल स्कॉलरमध्ये त्याच नोंदीखाली बाकीच्या आवृत्त्यांची लिंक असते, तिथे बरेचदा मोफत पीडीएफ मिळते. नाहीतर लेखकालाच दोन ओळींची ईमेल करा. आपला निबंध शिक्षकाने मागितला तर बहुतेक संशोधक आनंदाने पाठवतात.

सुरुवात एकट्या प्रयोगाच्या निबंधाने करू नका. आधी आढावा वाचा, म्हणजे अनेक प्रयोग एकत्र पाहून लिहिलेला लेख, आणि मग त्यात वारंवार उल्लेख येणारे एक-दोन मूळ प्रयोग. भाषांतराचं ॲप वापरायला हरकत नाही. आकडे आणि तक्ते मात्र मुळातूनच पाहा.

वाचताना मधून सुरुवात करा

निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला गेलं तर तिसऱ्या पानावर माणूस दमतो. मी सारांश वाचते, मग थेट 'पद्धत' या भागावर जाते, मग तक्ता किंवा आलेख, आणि शेवटी लेखकांनीच सांगितलेल्या मर्यादा. मधली सांख्यिकीची पानं पहिल्या वाचनात सोडते.

माझ्या अडचणीसाठी सगळीकडे एकाच प्रयोगाचा उल्लेख येत होता: हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी, २००६, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऑटर (पाणमांजराचा एक प्रकार) या विषयांवरचे छोटे उतारे दिले होते, प्रत्येकी अडीचशे-पावणेतीनशे शब्दांचे. एका गटाने तोच उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं.

पाच मिनिटांनी तपासलं तर चारदा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पारडं पूर्ण फिरलं. आणि आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असं विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती.

हे चार आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. माझ्या वर्गातली एक मुलगी डोळ्यासमोर आली. अक्षर मोत्यासारखं, सगळी प्रश्नोत्तरं उतरवलेली, घरी रोज वाचणारी. परीक्षेत मात्र कागद कोरा. ती आळशी नव्हती. ती चारदा वाचणाऱ्या गटातली होती, आणि त्या गटात तिला मीच बसवलं होतं.

चार प्रश्न विचारल्याशिवाय काहीही वर्गात आणू नका

पहिला प्रश्न: कुणावर केलं? वरचा प्रयोग अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्यांवर, प्रयोगशाळेत केलेला आहे. माझी मुलं बारा वर्षांची. म्हणून मी पुढे शोधलं, तेव्हा रोडिगर यांच्याच संशोधक गटाने इलिनॉय राज्यातल्या कोलंबिया इथल्या शाळेत सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या वर्गात केलेलं काम मिळालं. धड्यातल्या काही मुद्द्यांवर छोटे, बिनगुणांचे प्रश्न विचारले गेले आणि काही मुद्द्यांवर विचारलेच नाहीत. धड्याच्या परीक्षेत प्रश्न विचारलेले मुद्दे मुलांना जास्त आले. आता हे माझ्या वर्गाच्या बरंच जवळ आलं.

'कुणावर' हा प्रश्न वाचन शिकवताना फार महत्त्वाचा ठरतो. इंग्रजी वाचनावरचं संशोधन २६ अक्षरांच्या लिपीवर उभं आहे. आपल्याकडे बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर मुलाला शेकडो अक्षररूपं ओळखावी लागतात. सोनाली नाग यांनी कन्नडवर केलेल्या कामात दिसतं की अक्षरांवर पूर्ण पकड यायला मुलांना पहिल्या वर्षाच्या बऱ्याच पुढे, वरच्या इयत्तांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे इंग्रजी शाळेसाठीचं "इतक्या महिन्यांत सगळी अक्षरं" हे वेळापत्रक पहिलीच्या मराठी वर्गाला लावणं म्हणजे मुलांवर अन्याय आहे. मराठीवरचंच काम हवं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठीवर आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडवर शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास पाहा. पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाने तो वाचावा असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न: नेमकं काय केलं? इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं, कारण आपण उपक्रमाचं नाव उचलतो आणि त्यातलं काम करणारं चाक मागेच राहतं. 'बालसखी'चं उदाहरण घ्या. 'प्रथम' या संस्थेचा हा उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालला. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीत मागे पडलेली मुलं वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळी बसवायची, आणि त्यांना जे येत नाही तिथून शिकवायची. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी फरक ०.२८ प्रमाण विचलन इतका आला.

हे 'प्रमाण विचलन' बघून घाबरू नका. गुणांप्रमाणे शंभर मुलं रांगेत उभी आहेत असं समजा. अगदी मधलं मूल ०.२८ने पुढे गेलं म्हणजे ते साधारण अकरा मुलांना मागे टाकून गेलं. शिक्षणात हा फरक मोठाच आहे. कुणी ०.८ किंवा १ असा आकडा सांगितला तर भारावून जाण्याआधी मोजमाप कोणी आणि कशाने केलं ते विचारा. ज्यांनी शिकवलं त्यांनीच तयार केलेल्या चाचणीवर आकडे फुगतात.

बालसखीतली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गात मुलं कमी उरली, तरी त्या उरलेल्या मुलांचे गुण काही वाढले नाहीत. म्हणजे पटसंख्या कमी होण्याने काम केलं नव्हतं. काम केलं होतं ते मुलाच्या पातळीपासून शिकवण्याने. पुढे हीच कल्पना सरकारी शिक्षकांमार्फत नेण्याचे प्रयत्न झाले. बिहार आणि उत्तराखंडात शाळेच्या रोजच्या दिवसांत फक्त साहित्य आणि प्रशिक्षण दिलं तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून मुलं पातळीप्रमाणे बसवली, वरून नियमित देखरेख ठेवली, तेव्हा हिंदीचे गुण वाढले. कल्पना तीच होती, वेगळा काढलेला तास आणि देखरेख नवी होती. एखादा उपक्रम शाळेत आणताना "यातलं काय काढून टाकलं तर हे चालणार नाही?" असं विचारायची सवय मला या एका उदाहरणाने लागली.

बालसखी संपल्यावर वर्षभराने तो फायदा बराच ओसरून ०.१च्या आसपास आला होता, हेही त्याच निबंधात लिहिलेलं आहे. हे लपवलेलं नाही, म्हणून तो निबंध मला जास्त विश्वासाचा वाटतो.

तिसरा प्रश्न: कशाशी तुलना केली? "उपक्रमाआधी १२ गुण, उपक्रमानंतर १८" यात काहीच सिद्ध होत नाही. महिनाभर शाळेत आलेलं मूल उपक्रमाशिवायही पुढे जातंच. तुलना हवी ती तेवढाच वेळ दुसऱ्या चांगल्या पद्धतीत घालवलेल्या मुलांशी.

चौथा प्रश्न: किती दिवसांनी मोजलं? वर पाहिलंच की पाच मिनिटांनी मोजलं तर वाचन जिंकतं आणि आठवड्याने मोजलं तर आठवणं जिंकतं. आपल्याला मुलाने वर्षभर लक्षात ठेवायला हवं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या निकालावर जाऊ नका.

आकड्यांबद्दल आणखी एक. "आपण वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात ठेवतो" असा चढता तक्ता तुम्ही कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाच्या पडद्यावर पाहिला असेल. तो एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवांच्या शंकूत (शिकण्याच्या अनुभवांच्या शंकूच्या आकाराच्या मांडणीत) टक्केवारी मुळी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. विस्मरणाच्या वक्राचंही, म्हणजे शिकलेलं किती वेगाने विसरतं ते दाखवणाऱ्या आलेखाचंही, तसंच. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये तो मांडला तेव्हा प्रयोगातला माणूस एकच होता, ते स्वतः, आणि पाठ करायला घेतले होते निरर्थक उच्चार. विसरण्याचा वेग आधी जास्त आणि मग कमी, ही त्यांची दिशा पुढे इतरांनाही दिसली. पण "२४ तासांत इतके टक्के विसरतात" हा आकडा सातवीतल्या मुलांच्या विज्ञानावर जसाच्या तसा लावता येत नाही.

उपाय रोजच्या दहा मिनिटांत बसेल एवढा लहान करा

शोधनिबंधातली पद्धत जशीच्या तशी वर्गात येत नाही. ती घडी घालून लहान करावी लागते. मी ठरवलं ते एवढंच: तासाच्या सुरुवातीला वह्या-पुस्तकं दप्तरात, फळ्यावर चार प्रश्न, प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, शेजारी बघायचं नाही, मग लगेच उत्तरं सांगायची आणि ज्याने त्याने आपलंच तपासायचं. गुण नोंदवायचे नाहीत, आकारिक मूल्यमापनात (वर्षभर चालणाऱ्या नोंदींत) धरायचेही नाहीत.

पहिल्या दिवशी मी याला "छोटी चाचणी" म्हणाले आणि वर्ग आक्रसून गेला. दोन मुलं कागदावर हात आडवा धरून लिहायला लागली, एकाने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून मी "आठवून लिहा" एवढंच फळ्यावर लिहायला लागले आणि चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्या बाजूला बरोबर लिहायचं, असं सांगितलं. आठवड्याभरात भीती गेली. शब्दाने एवढा फरक पडतो.

वेळा आधीच कॅलेंडरवर लिहा: मुद्दा शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. जितकं जास्त दिवस टिकवायचं तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर वाढवायचं, हे स्पेसिंगवरच्या संशोधनातून निघालेलं सूत्र आहे. मुलांना आठवायला थोडं जड जावं. जड जातंय म्हणून लगेच पुस्तक उघडू देऊ नका, मिनिटभर तरी थांबा.

वर्गात खरंच फरक पडतो का, हे चिठ्ठ्यांनी तपासा

हा भाग सावकाश वाचा. एका तुकडीत उपक्रम करायचा आणि दुसरीत नाही, हे बहुतेक शाळांत शक्यच नसतं, कारण तुकडी एकच असते. शिवाय निम्म्या मुलांना वंचित ठेवणं मनाला पटत नाही. कोलंबियाच्या शाळेतली युक्ती इथे कामी येते: मुलं विभागू नका, मुद्दे विभागा. मग प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

धड्यातले सोळा मुद्दे निवडा. माझ्या यादीतले काही असे: सोटमूळ आणि तंतुमय मूळ यातला फरक; मूलरोमांचं काम; वडाच्या पारंब्या म्हणजे काय; पेर आणि कांडं; बटाटा मूळ की खोड; समांतर आणि जाळीदार शिराविन्यास; जास्वंदीच्या फुलातले पुमंग आणि जायांग. प्रत्येक मुद्दा एका चिठ्ठीवर लिहा, डब्यात टाका आणि मुलांकडून आठ चिठ्ठ्या काढून घ्या. निघालेले आठ मुद्दे 'आठवून लिहायचे', उरलेले आठ 'पुन्हा वाचायचे'. आपण स्वतः वाटणी केली तर नकळत सोपे मुद्दे आपल्या आवडत्या बाजूला जातात. चिठ्ठी पक्षपात करत नाही.

रोजच्या दहा मिनिटांत पाच मिनिटं चार मुद्दे आठवून लिहिण्यासाठी, पाच मिनिटं दुसऱ्या बाजूचे चार मुद्दे पुस्तकातून वाचण्यासाठी. दुसऱ्या दिवशी उरलेले चार आणि चार. अशा तीन फेऱ्या म्हणजे सहा दिवस, सगळं मिळून एक तास. दोन्ही बाजूंना वेळ अगदी सारखा द्या. नाहीतर निकाल पद्धतीचा की जास्तीच्या वेळाचा, हे कळणार नाही.

शेवटच्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी घ्यायची चाचणी आत्ताच, उपक्रम सुरू होण्याआधी, तयार करून लिफाफ्यात ठेवा. मागून तयार केली तर जे छान आठवतंय तेच विचारलं जातं. सोळा मुद्द्यांवर सोळा प्रश्न, प्रत्येकी एक गुण. निम्मे प्रश्न फिरवून विचारा: "रताळं मूळ आहे, मग त्याला पेर असेल का?" नुसतं पाठ झालंय की समजलंय ते यातून दिसतं. पेपर शक्य तर दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि कोणते मुद्दे कोणत्या बाजूचे हे त्यांना सांगू नका. मुख्याध्यापकांना मात्र सगळं आधी सांगा. चाचणी झाली की दुसऱ्या बाजूचे आठ मुद्देही आठवून लिहायला घ्या, म्हणजे कुणाचं काही राहून गेलं असं होणार नाही.

चुकीचं उत्तरही पक्कं होऊ शकतं

"बटाटा मूळ की खोड?" या प्रश्नाला एका मुलाने पहिल्या फेरीत 'मूळ' लिहिलं. मी वर्गाला उत्तर सांगितलं, त्याने बाजूला 'खोड' लिहिलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा 'मूळ'. तिसऱ्या फेरीतही 'मूळ'. जमिनीखाली असतं ते मूळ, हे त्याचं गणित होतं आणि माझ्या एका शब्दाच्या उत्तराने ते हलत नव्हतं. शेवटी मी घरून कोंब फुटलेला बटाटा आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यावरचे 'डोळे' मोजायला सांगितले. प्रत्येक डोळा म्हणजे पेर, तिथे कळी असते, कळीतून कोंब येतो, आणि कळ्या असतात खोडाला. शेजारी रताळं ठेवलं. तो रताळ्यावर डोळे शोधत राहिला, असे ओळीने मांडलेले पेर त्याला सापडेनात. मग त्याने स्वतःहून विचारलं, "आणि आलं?" आम्ही आलं पाहिलं, त्यावर पेरांची वलयं स्पष्ट दिसतात.

आठवून लिहून घेणं म्हणजे समजावणं नव्हे, हे तेव्हा माझ्या नीट ध्यानात आलं. त्यामुळे पहिल्याच फेरीत अर्ध्याहून जास्त वर्गाचं एखादं उत्तर चुकलं तर तो मुद्दा पुढच्या फेऱ्यांत रेटू नका. थांबा आणि पुन्हा शिकवा. जे डोक्यात गेलंच नाही ते आठवणार कुठून? (चिठ्ठ्यांच्या तुलनेत असा मुद्दा आला तर त्याची नोंद करा आणि शेवटी तो प्रश्न मोजणीतून वगळा.)

निकाल मोजा, सरासरी काढून थांबू नका

वहीत तीन रकाने करा: हजेरी क्रमांक, 'आठवून' बाजूचे ८ पैकी गुण, 'वाचून' बाजूचे ८ पैकी गुण. मग एवढंच पाहा, किती मुलांची पहिली बाजू वर आहे आणि किती जणांची दुसरी.

समजा, वर्गात २८ मुलं आहेत. १७ जणांची 'आठवून' बाजू वर, ६ जणांची 'वाचून' बाजू वर, ५ जणांची सारखी. सारखी असलेली बाजूला ठेवा, उरली २३. पद्धतीने काहीच फरक पडत नसता तर प्रत्येक मूल म्हणजे नाणेफेकच. नाणं २३ वेळा उडवून १७ किंवा जास्त छापे येणं शंभरात दोनदाही होत नाही. तेव्हा तुमच्या वर्गात काहीतरी खरं घडलं आहे असं धरायला हरकत नाही. पण निकाल १३ विरुद्ध १० आला असता तर? एवढा फरक नुसत्या नाणेफेकीतही तीनातून एकदा दिसतो. त्यावरून "उपक्रम यशस्वी" असं लिहू नका. पुढच्या धड्यावर नव्या चिठ्ठ्यांनी पुन्हा करा, आणि दोन-तीन धड्यांचे निकाल एकत्र पाहा. सोळा मुद्द्यांच्या एका वाटणीत योगायोगाने सोपे मुद्दे एका बाजूला जाऊ शकतात, तीन धड्यांत ते बरंचसं निवळतं.

ज्या सहा मुलांचं उलटं झालं त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. त्यात लिहायला वेळ लागणारं मूल असतं, शुद्धलेखनाच्या भीतीने कागद कोरा ठेवणारं असतं, घरी दुसरी बोली बोलणारं आणि पाठ्यपुस्तकातला शब्द न आठवणारं असतं. त्यांना चित्र काढून नावं द्यायला सांगा, किंवा मधल्या सुट्टीत तोंडी विचारा. कोणत्याही प्रयोगातली सरासरी या सहा जणांबद्दल बोलत नाही. त्यांच्याबद्दल बोलू शकेल असा माणूस फक्त त्यांच्यासमोर उभा असतो.

फरक पडलाच नाही तर आधी हे तपासा. मुलं खरंच न बघता लिहीत होती का? उत्तरं लगेच सांगितली गेली का? फेऱ्यांमधलं अंतर पाळलं गेलं, की सणाच्या सुट्ट्यांत एक फेरी राहून गेली? हे सगळं नीट असूनही फरक नसेल तर तसंच लिहून ठेवा.

एका पानावर लिहा आणि केंद्रात वाचून दाखवा

कृती संशोधनाचे, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या अशा अभ्यासाचे, अहवाल वीस-पंचवीस पानांचे होतात आणि कपाटात जातात. एक पान पुरे: अडचणीचं ते एक वाक्य, कोणत्या निबंधातलं काय घेतलं, वर्गात बसवताना काय बदललं, तीन रकान्यांतला निकाल, आणि काय फसलं. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घ्या आणि फसलेला भाग आधी सांगा, समोरचे शिक्षक मोकळे होतात. मुलांची नावं कुठेच नकोत, हजेरी क्रमांकही बदलून घ्या. दुसऱ्या एखाद्या शाळेने त्याच धड्यावर त्याच सोळा मुद्द्यांनी करून पाहायचं कबूल केलं तर यादी आणि चाचणी त्यांना द्या, पण चिठ्ठ्या त्यांच्या मुलांनाच काढू द्या.

तुमच्या स्वतःच्या चिठ्ठ्या, चाचणी आणि ते पान एका लिफाफ्यात घालून टाचणवहीच्या शेवटी चिकटवा. पुढच्या वर्षी नवी सातवी याच धड्यावर आली की लिफाफा उघडा आणि या वर्षी जे आठ मुद्दे 'वाचून' बाजूला होते त्यांना 'आठवून' बाजूला घ्या.